शेतावर फक्त वीकेंडला जातो, तरी गावरान कोंबड्या पाळता येतील का?

रानवाट:
मागच्या शनिवार-रविवारी भोर तालुक्यात सासूबाईंच्या बहिणीकडे शेतावर राहून आलो. खरं सांगते, दोन दिवस काहीच केलं नाही. ओसरीवर बसायचं नि समोर अंगणात फिरणाऱ्या कोंबड्या बघायच्या, बास. मी आयटीत आहे, इतकं शांत मला गेल्या दोन वर्षांत कधी वाटलं नव्हतं. एक पिवळसर कोंबडी, पाठीमागे नऊ पिल्लं, उकिरडा दोन्ही पायांनी उकरायची आणि दाणा मिळाला की स्वतः न गिळता चोचीत धरायची, खाली टाकायची, परत उचलायची, सारखं कुक कुक कुक, की सगळी पिल्लं पळत. लेक सहा वर्षांची आहे, तासभर जागची हलली नाही, मोबाईल आठवलासुद्धा नाही तिला. पाहुणे आले म्हणून मावशी कोंबडं कापायला निघाल्या होत्या, आम्हीच म्हटलं नको, पिठलं-भाकरी करा. सकाळी कडब्याच्या गंजीत लेकीला गरम अंडं सापडलं, हातात धरून घरभर फिरली.

आता प्रश्न. आमची स्वतःची अर्धा एकर जमीन आहे तिथून जवळच, एक खोली बांधलीय. दर शुक्रवारी रात्री जातो, रविवारी परत. पाच-सहा कोंबड्या ठेवल्या आणि आठवड्याचं खाणं-पाणी भरून ठेवलं तर चालेल का? मोकळ्याच फिरणार ना त्या, काय लागतं त्यांना? आणि अंड्याचा बलक एवढा केशरी कसा असतो?

खुराडेवाला:
ताई, स्पष्ट सांगतो, नका करू. मोकळी कोंबडी दिवसभर मोकळी असते, रात्री नाही. दिवेलागणीला ती आपण होऊन खुराड्यापाशी येते, अंधारात तिला दिसत नाही, पण दार कुणीतरी लावावं लागतं नि सकाळी उघडावं लागतं, रोज. एक रात्र दार उघडं राहिलं आणि रानमांजर आलं की सकाळी नुसती पिसं बघायला मिळतात, माझ्याकडे एका रात्रीत सात गेल्या, अजून वाईट वाटतं. तुम्ही बघितलं ते निवांत अंगण तुमच्या मावशींमुळे निवांत आहे, त्या पहाटे उठून दार उघडतात, पाणी बदलतात, डालग्याखालची, म्हणजे टोपलीखाली झाकलेली, पिल्लं मोजतात. हे आठवड्यातून दोन दिवसांत होत नाही.

कोकणातली:
अगदी बरोबर. आमच्याकडे मुंगूस तर भरदुपारी येतं. आणि घार! कोंबडा मान वाकडी करून वर बघतो, एक लांब वेगळाच आवाज काढतो आणि क्षणात अंगण रिकामं, पिल्लं आईच्या पंखाखाली, बाहेर नुसते बारीक पाय दिसतात. म्हणून आम्ही अंगणात करवंदीची जाळी मुद्दाम ठेवलीय, लपायला आडोसा पाहिजेच.

बलकाचं म्हणाल तर हिरवा पाला, गवत खातात त्याचा रंग. कवच तपकिरी म्हणजे गावरान असं मात्र नसतं हं, कवचाचा रंग जातीवर असतो, बाजारात त्यावरून फसू नका.

गोठा_आणि_बरंच_काही:
मी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो म्हणून एक घालतो यात. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली की अख्खं खुराडं जातं, उपचार नाही, लसच. पिल्लू 5 ते 7 दिवसांचं असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, मग 6 ते 8 आठवड्यांचं झालं की आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. 'गावरानला काही होत नाही' हे ऐकून बसू नका, खूप लोक तिथेच मार खातात.

पण ताई, तुम्हाला मार्ग आहे की. मावशींनाच दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या, घेऊन द्या, वाट्यानं. सांभाळणार त्या, होणारी पिल्लं निम्मी-निम्मी. गावात हे चालतंच. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते नि खुडूक बसते, म्हणजे उबवायला बसते, मग अंडी बंद, तेव्हा रोजच्या अंड्यांची आशा धरू नका, पिल्लांची धरा. खुडूक बसली की तिच्याखाली दहा-बारा अंडी, 21 दिवस. सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंड्यामागे बॅटरी लावून बघा, लाल शिरा दिसल्या तर पिल्लू धरलंय. लेकीला दाखवाच.

रानवाट:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. आपल्या जागेवर ठेवायचा विचार सोडला. मावशींना फोन केला, वाट्याचं बोलले तर म्हणाल्या, अगं वाटा कसला, लेकीला घेऊन येत जा. तरी पैसे पाठवलेत तलंगांचे. तांबडी एक खुडूक बसलीय म्हणे, परवा पाटीत भुसा घालून अकरा अंडी ठेवली तिच्याखाली. लेकीनं कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला गोल केलाय, बुधवार येतोय, ऑफिसात सुट्टी टाकली आत्ताच. बॅटरी लावताना कोंबडी चोच मारते का, हातमोजे न्यावेत का, तेवढं सांगा.

खुराडेवाला:
मारते, चांगलीच मारते. मावशींनाच काढू द्यात अंडं, त्यांचा हात ओळखते ती.