अनुभव धागा: प्रवासात भेटलेली जुनी, नटलेली खाऊची दुकाने

नौपाडा, ठाणे (धागाकर्ती): मामलेदार मिसळीच्या रांगेत उभे राहणारे आपण ठाणेकर दुकानाच्या भिंतींकडे क्वचितच पाहतो. परगावी मात्र काही जुनी दुकाने अशी भेटतात, की पदार्थ मागवायचे राहते आणि नजर छताकडे जाते. अशा दुकानात आपण काय पाहिले, काय खाल्ले आणि सजावटीच्या तोडीची चव मिळाली का, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

घोडबंदर रस्ता, ठाणे: प्राग पाहून झाल्यावर आम्ही रेल्वेने जर्मनीतील ड्रेस्डेनला गेलो, ते तिथली फुंड दुग्धशाळा पाहायचीच असे ठरवून. १८८० साली सुरू झालेल्या या व्यवसायाचे दुकान भिंतींपासून छतापर्यंत हाताने रंगवलेल्या टाइल्सनी मढवलेले आहे आणि १९९८ मध्ये गिनेस बुकाने ते जगातील सर्वांत सुंदर दुधाचे दुकान म्हणून नोंदवले. आपल्याकडे गवळी दारात आला, की आजी मापावर डोळा ठेवून उभी राहायची. दूध निर्भेळ आहे हे गिऱ्हाइकाला पटवणे हा तिथल्याही धंद्यातला प्रश्न होताच. म्हणून संस्थापक पॉल फुंड यांनी सुरुवातीच्या दुकानात काचेची खिडकी ठेवली होती, जिच्यातून गाईंची धार काढताना लोकांना दिसे. पुढे आलेल्या, पुसून लख्ख करता येणाऱ्या टाइल्सकडेही मी त्याच नजरेने पाहिले. तो नुसता थाट नसावा. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात शहराचा मध्यभाग बेचिराख झाला, पण एल्ब नदीपलीकडचे हे दुकान वाचले. आत छायाचित्रे काढू देत नाहीत, हे एका परीने बरेच आहे, कारण पर्यटकांच्या बसमागून बस येत असतात. आम्ही ग्लासभर ताक घेतले: दाट, आंबटसर, मीठ-जिऱ्याचा पत्ता नाही. यजमानांनी अर्धे ठेवले. ते मी संपवले.

वाशी: लिस्बनच्या बेलें भागातील १८३७ पासूनच्या प्रसिद्ध दुकानात बाहेरची लांबलचक रांग पाहून आम्ही परतणार होतो, तेवढ्यात कळले, की ती बांधून नेणाऱ्यांची आहे. आत निळ्या-पांढऱ्या टाइल्सची एकामागून एक दालने असून बसायला जागा लवकर मिळाली. पोर्तुगालमधील मठ १८३४ मध्ये बंद झाले आणि शेजारच्या जेरोनिमोस मठातली पाककृती या दुकानाकडे आली, असे सांगतात. अंड्याच्या पिवळ्या बलकाचे कस्टर्ड भरलेल्या त्या गरम टार्टवर दालचिनी भुरभुरली, की खारीसारखे पापुद्रे दाताखाली कुरकुरतात. माझे मत विचाराल, तर इथे चवीने सजावटीवर मात केली.

ऐरोली: पॅरिसमधील १७३० सालचे स्तोरेर हे केक-पेस्ट्रीचे दुकान लहानसे आहे; वरची चित्रे पाहत उभे राहिलो, तर मागच्याची वाट अडते. बाबा हा त्यांचा नावाजलेला केक रममध्ये चिंब भिजवलेला असतो, हे मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

कोपरी, ठाणे: परदेशच कशाला हवा? मुंबईत धोबीतलावचे १९०४ सालचे कयानी हे इराणी हॉटेल लोकलच्या अंतरावर आहे. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि बिस्किटांच्या काचेच्या बरण्या यांना कोणी सजावट म्हणणार नाही, तरी मी मावा केक संपेपर्यंत त्याच पाहत बसतो. धागाकर्तीच्या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र गर्दीच्या वेळी तिथे टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावे लागते.