हस्तिदंती आणि मोतिया : एकच रंग की दोन?

प्रश्न : खोलीसाठी दोन छटा समोर आहेत, दोन्ही जवळजवळ पांढऱ्या. एक हस्तिदंती आणि दुसरी मोतिया म्हणावी, की दोन्ही शब्द एकाच रंगाचे?

उत्तर : एकाच रंगाचे नाहीत. हस्तिदंतीत पिवळी झाक गृहीतच असते. मोतिया मात्र सैल शब्द आहे. मोती गुलाबीसरही असतो आणि राखीही, त्यामुळे झाक वेगळी सांगावी लागते. छटा म्हणजे दिसतो तो अख्खा रंग, झाक म्हणजे त्यातून डोकावणारा दुसरा. झाक एकट्या शेड कार्डावर, म्हणजे रंगकंपनीच्या नमुन्याच्या कार्डावर, कळत नाही; दोन्ही कार्डं कडेला कड लावून धरा. खाली छपाईचा पांढरा कागद नको. तो बहुधा निळसर असतो, त्यावर हस्तिदंती उगाच पिवळी दिसते.

आणखी एक : 'फिकट'ऐवजी 'फिका' किंवा 'पुसट' लिहू नये. फिकट ही निवड. फिका म्हणजे काहीतरी कमी पडलेला, पुसट म्हणजे झिजून गेलेला. तसंच पिवळसर भिंत आपण मागतो, पिवळट भिंत पदरी पडते!

पिवळट भिंत पदरी पडते कशी, तेही सांगतो. छोट्या कार्डावर दिसत नाही ती झाक चार भिंतींवर दाट होते, कारण भिंती एकमेकींवर रंगीत उजेड फेकतात. म्हणून साधारण 60 सेंमीचे दोन पांढरे पुठ्ठे घ्या, प्रत्येकावर एकेका छटेचे दोन हात मारा, कडेने 5 सेंमी पांढरी पट्टी सोडा. ती नसेल तर जुन्या भिंतीचा रंग शेजारी येऊन नवी झाक फसवते. ओल्यावर ठरवू नका, इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग) सहसा वाळल्यावर गडद होतं. मग पुठ्ठे कोपऱ्यात उभे करून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली बघा. 2700 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाचा रंग सांगणारं, दिव्याच्या खोक्यावरचं एकक) पिवळ्या दिव्यात हस्तिदंती आणि गुलाबी झाकेची मोतिया जुळ्या वाटू शकतात. 4000 केल्विनच्या पांढऱ्या उजेडात फरक उघडा पडतो.

प्रश्न : म्हणजे रंगाऱ्याला 'गुलाबी झाकेचा मोतिया' सांगितलं की झालं?

उत्तर : बोलण्यात हो, खरेदीत नाही. एकाच नावाची छटा दोन कंपन्यांत वेगळी निघते. शेड कार्डावरचा क्रमांक आणि सोबत मॅट (बिनचमकीचा) की सॅटिन (मंद चमकीचा), एवढं लिहून द्या. चमक बदलली तर तोच क्रमांकही वेगळा दिसतो.