मदत हवी आहे: नवीन घरात आल्यापासून मन लागत नाही. उदास वाटलं की तुम्ही काय करता?

अबोली_विक्रोळी

नमस्कार मंडळी. वाचते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच. जरा लांबण लागेल.

आम्ही विक्रोळीच्या कन्नमवार नगरचे. जुनी बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, काही वर्षं भाड्याच्या घरात काढली आणि यंदा उन्हाळ्यात नव्या टॉवरचा ताबा मिळाला. सतरावा मजला, वन बीएचके, लिफ्ट, चोवीस तास पाणी. वास्तुशांत झाली, नातेवाईक येऊन घर बघून गेले. आणि मग माझं मन जे खाली बसलं ते अजून उठलेलं नाही.

दोघांचे डबे होईपर्यंत मी ठीक असते. नवरा आणि मुलगा बाहेर पडले, की सासूबाई टीव्ही लावतात, मी पलंगावर आडवी होते, मोबाइल चाळते, आणि बघता बघता जेवायची वेळ होते. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. जुन्या घरी आम्ही तळमजल्याला होतो. बायका येता-जाता खिडकीतून हाक मारायच्या, माप देता देता चहा व्हायचा, कुणाची सून कशी, कुणाच्या मुलीचं जमलं, सगळं तिथेच कळायचं. आता गेटवर नाव लिहा, मग वॉचमन ॲपवर विचारणार, मग लिफ्टसाठी थांबा. बऱ्याच जणी येईनाशा झाल्या. पैसे कमी झाले ते आहेच, पण दिवसभर कुणाशी बोलणंच होत नाही याचं जास्त वाटतं. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत, चारही बंद.

पाऊस लागल्यापासून आणखी जड झालंय. दुपारी उगीच भरून येतं. एवढ्याशा घरात रडायला जागा नसते हो. बाथरूममध्ये नळ सोडून रडते. कुणाला सांगायला जावं तर एकच उत्तर, "अगं, मुंबईत एवढं छान घर मिळालं, आता काय कमी आहे तुला?" त्यावर बोलणार काय?

तर प्रश्न असा, की मन असं खाली गेल्यावर तुम्ही प्रत्यक्ष काय करता? सकारात्मक विचार करा, असं कृपया सांगू नका, त्याने मला जास्तच थकायला होतं. फिरायला बाहेरगावी जाणं किंवा महागडा क्लास लावणं सध्या शक्य नाही. घरात, बिल्डिंगच्या आसपास किंवा फार तर घाटकोपरपर्यंत जमेल असं काही सांगा.

---

लोकलवाला

ताई, रोज सकाळी चालायला जा. टागोर नगरपर्यंत जाऊन आलात तरी पुरे. महिनाभर करून बघा.

---

अबोली_विक्रोळी

लोकलवाला, धन्यवाद. अडचण तीच आहे. चालायला जायचं ठरवते, पण ती वेळ आली की पाय निघत नाही. थोडं बरं वाटलं की जाईन म्हणते आणि दिवस मावळतो.

---

समुपदेशिका_ठाणे

अबोली, तुमच्या दुसऱ्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. बरं वाटलं की जाईन, असं बहुतेक सगळेच म्हणतात आणि तिथेच अडकतात. उदासीत उत्साह आपणहून आधी येत नाही. आधी काहीतरी छोटं हातून घडतं आणि मन त्याच्या मागून, कधी बरंच उशिरा, सरकतं. पीटर लेविन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात यावर बरंच काम केलं. आनंद देणाऱ्या गोष्टी आयुष्यातून कमी झाल्या की माणूस खचतो, खचला की आणखी आत ओढून घेतो आणि उरल्यासुरल्या गोष्टीही सुटतात, अशी त्याची मांडणी होती. तुमचं वर्णन तंतोतंत तसंच आहे. घर मोठं झालं, पण हाका, चहा, गिऱ्हाइकं, माणसं, एवढं सगळं एकदम गेलं. त्यामुळे "काय कमी आहे?" असं विचारणाऱ्यांना उत्तर आहे तुमच्याकडे, आणि ते तुम्हीच वर लिहिलंय.

आपल्याकडचं उदाहरण सांगते. गोव्यात संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांवर हीच पद्धत वापरली. बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती आणि सहा ते आठ भेटींत काम केलं. फायदा झाल्याचे निष्कर्ष २०१७मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

आता तुमच्यासाठी. एका वहीत पुढच्या दिवसाच्या फक्त दोन गोष्टी लिहा. एक थोडीशी आवडीची, दुसरी पार पडली की हायसं वाटेल अशी. दोन्हींपुढे वेळ घाला. "दुपारी जमल्यास शिवण" असं लिहू नका, "साडेअकराला मशीनवर बसून एकाच साडीचा फॉल" असं लिहा. वेळ झाली की मन कसंही असो, उठायचं. करण्याआधी मनाला दहापैकी गुण द्या, झाल्यावर पुन्हा द्या. दोनाचे तीन झाले तरी लिहून ठेवा, कारण उदासीत माणूस बरं वाटलेले क्षण चटकन विसरतो. आणि काम अजून अवघड वाटलं तर आणखी छोटं करा. चालायला जाणं झेपत नसेल तर "चप्पल घालून लिफ्टने खाली जाणं" एवढंच काम धरा. खाली गेल्यावर परत वर आलात तरी ते झालं.

आडवं होऊन मोबाइल बघण्याबद्दल. त्याने त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, म्हणून हात पुन्हा तिकडेच जातो. पूर्ण बंद करायला सांगत नाही. दोघं बाहेर पडल्यानंतरचा पहिला तास मात्र पलंगापासून लांब काढा, तुमचा दिवस तिथेच घसरतोय.

खाली जाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे उजेड. पावसाळी आभाळ आपल्याला अंधारलेलं वाटतं, पण ढगाळ सकाळीही बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. सकाळी अर्धा तास बाहेर काढला तर झोपेचं घड्याळ सावरायला मदत होते आणि झोप सावरली की मनालाही आधार मिळतो.

एक प्रश्न थेट विचारते, राग मानू नका. जगणं नको, जीव द्यावा असे विचार येतात का? येत असतील तर इथे उत्तराची वाट न बघता १४४१६ लावा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

---

अबोली_विक्रोळी

नाही हो, तसं नाही. कधीकधी सकाळी जागच येऊ नये असं वाटतं, पण जीव द्यावा असं नाही. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नंबर लिहून ठेवलाय.

---

समुपदेशिका_ठाणे

जागच येऊ नये हा विचारही डॉक्टरांना याच शब्दांत सांगा, किरकोळ म्हणून गाळू नका. तो वाढला तर त्याच क्षणी फोन करा, आणि घरातल्या एका तरी माणसाला हे माहीत असू द्या.

---

बीडीडीची_लेक

अबोलीताई, तुमचं वाचून आमच्या आईची आठवण झाली. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये गेलो, ऑगस्ट २०२५मध्ये ज्या ५५६ घरांना चाव्या मिळाल्या त्यातलं एक आमचं. सगळी वरळी आनंदात होती आणि आई मात्र नव्या किचनच्या ओट्याशी गप्प उभी. चाळीत दार लावायचं ते फक्त झोपताना. तिला रात्री झोप लागेना, कारण बाहेर कुणाच्या चपला वाजत नव्हत्या.

तिला कशाने बरं वाटलं ते सांगते. पहिलं म्हणजे तिने संध्याकाळी पाच ते साडेसहा आतलं दार सताड उघडं ठेवायला सुरुवात केली, बाहेरची जाळी तेवढी लावलेली. तिथेच खुर्ची टाकून भाजी निवडायची. पहिल्या आठवड्यात कुणी बघितलंसुद्धा नाही. मग समोरच्या घरातली लहान मुलगी जाळीशी येऊन उभी राहायला लागली, तिच्या मागून तिची आजी. शेजारच्यांनाही तेच हवं होतं, पण आधी दार उघडायला सगळे संकोचत होते.

दुसरं, भाजी ती जुन्याच भाजीवालीकडून आणते. खाली गाडी येते तरी चालत जाते. ओळखीची माणसं तुटू द्यायची नाहीत यावर ती ठाम आहे आणि मला ते पटतं.

तुमच्या शिवणाचं मात्र काहीतरी कराच, त्यात पैसे आणि माणसं दोन्ही आहेत. जुन्या गिऱ्हाइकांना वर यायचा कंटाळा असेल तर तुम्ही खाली या. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, वेळ ठरवा आणि व्हॉट्सॲपवर सगळ्यांना कळवा, की मंगळवार-शुक्रवार चार ते सहा मी गेटजवळच्या बाकावर आहे, कपडे द्या-घ्या, मापाचा ब्लाउज सोबत आणा. सेक्रेटरींना विचारून लिफ्टजवळच्या बोर्डावर कागद लावा. तुमच्याच टॉवरमध्ये साड्या नेसणाऱ्या कितीतरी असतील, त्यांना शिवणारी वरच राहते हे माहीतच नसेल. गणपती जवळ आलेत, हीच वेळ आहे.

---

शांतचित्त

ताई, नामस्मरण करा, मन प्रसन्न होईल. सगळं मनाचे खेळ असतात.

---

सिस्टर_परळ

नामस्मरणाने बरं वाटत असेल तर जरूर करावं, माझी आई रोज हरिपाठ म्हणते आणि तिला खरंच आधार वाटतो. पण सगळं मनाचंच असतं, हे मी नर्स म्हणून मान्य करणार नाही. अबोली, रक्त तपासून घ्या. थायरॉइड कमी काम करत असेल तर उदासी, थकवा, वजन वाढणं, सगळं याच रूपात येतं. हिमोग्लोबिन आणि बी-१२ कमी असलं तरी माणूस मरगळतो. वय चाळिशीच्या आसपास असेल तर पाळीचं चक्र बदलायला लागल्यावरही मूड हलतो. टीएसएच (थायरॉइडसाठी), सीबीसी (हिमोग्लोबिन, रक्तपेशींसाठी) आणि बी-१२ तपासावं का, ते तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नका, झोपेच्या तर मुळीच नाही.

आणि एक खूण सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदास वाटत असेल, किंवा आवडीच्या गोष्टीतली गोडी गेली असेल आणि सोबत झोप, भूक, लक्ष लागणं बिघडलं असेल, तर तो फक्त मूड नसतो. त्याला डॉक्टर लागतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, की तुम्ही वेळ न घालवता दाखवावं. दाखवल्यावर औषधंच देतील असंही नाही, आणि दिली तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून मध्येच सोडायची नाहीत.

---

अबोली_विक्रोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला वेगळं लिहायला हवं होतं, पण एकत्रच लिहिते.

वही केली. पहिल्यांदा लिहिलं ते "दूध घ्यायला स्वतः खाली जाणं", कारण आमच्याकडे ते दाराशी येतं. जाताना दोन गुण होते, येताना तीन. भिजायला झालं, पण गेटवर जुन्या बिल्डिंगमधल्या एक काकू भेटल्या आणि आम्ही छत्री धरून उभ्या उभ्याच बोलत बसलो. त्या दिवशी फॉलही लावून झाला. मधल्या एक-दोन दिवशी वहीकडे बघितलंसुद्धा नाही, ते दिवस वाईटच गेले.

बाकावर बसायची कल्पना फार आवडली. सेक्रेटरींना विचारलं, पावसाचं पोडियमखाली बसा म्हणाले. बोर्डावर कागद लावलाय. समोरच्या विंगमधून फॉल-पिकोच्या साड्या आल्यात.

दार उघडं ठेवायला सासूबाईंचा विरोध आहे, चोऱ्यामाऱ्या होतात म्हणतात. पण जाळीजवळ खुर्ची टाकून त्याच बसायला लागल्या तर चालेल का, असं विचारलंय. बघू.

रिपोर्ट आले. बी-१२ बरंच कमी आहे, थायरॉइड ठीक आहे. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. त्यांना दुपारच्या रडण्याबद्दल आणि जागच येऊ नये असं वाटण्याबद्दलही सांगितलं. ते म्हणाले, सगळा दोष बी-१२चाच असेल असं धरू नका, एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. खासगीत परवडणार नाही, म्हणून सायन हॉस्पिटलचं विचारत होते. तिथे आधी चिठ्ठी लागते का? आणि घरी कसं सांगू? नवऱ्याला मी खचलेय हे दिसतं, तो चांगला आहे, पण "तिकडे" म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर ठाण्याचं मेंटल हॉस्पिटलच येतं.

---

सिस्टर_परळ

डॉक्टरांना सांगितलंत हे फार चांगलं केलंत. सायनला मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर पोचून केसपेपर काढायचा, खिडकीवर "मानसोपचार ओपीडी" सांगायचं. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर बरोबर ठेवा, त्यांना सगळं पहिल्यापासून समजावत बसावं लागणार नाही. निघण्याआधी हॉस्पिटलला फोन करून ओपीडीचे वार विचारा. विक्रोळीहून स्लो लोकलने सायनला उतरलात की जवळच आहे. रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधं आणि ती वही न्या. वही नक्की न्या, डॉक्टरांना दोन मिनिटांत चित्र कळेल. गर्दी असते, त्यामुळे डबा आणि पाणी घ्या आणि तो दिवस त्यासाठीच ठेवा.

---

समुपदेशिका_ठाणे

यजमानांना फक्त "मानसोपचार" एवढा एकच शब्द सांगितलात तर ते घाबरतील. असं सांगून बघा: "बी-१२ कमी निघालंय, डॉक्टरांनी आणखी एका डॉक्टरांना दाखवायला सांगितलंय, दुपारी मला रडू येतं आणि ते माझ्याने थांबत नाही. तू सोबत चल." हे सगळं खरंच आहे, लपवलेलं काही नाही. सोबत आले तर ओपीडीत बाकड्यावर बसलेली माणसं बघतील. कॉलेजची मुलं, नोकरदार, आजी-आजोबा, तुमच्या-आमच्यासारखी. त्यांना आत तुमच्याबरोबर बसायचं असेल तर डॉक्टरांना विचारा, पण पहिली दहा मिनिटं एकट्याने बोलायला मागा.

पहिल्या भेटीच्या दिवशी वहीत दुसरं काहीच लिहू नका, तेवढं एक पुरे. आणि शुक्रवारचं बाकावरचं बसणं त्या आठवड्यातही चुकवू नका.

---

बीडीडीची_लेक

ताई, सासूबाईंना जाळीजवळ बसवायची युक्ती आईला वाचून दाखवली. ती म्हणते, निवडायला मेथी द्या त्यांना, मेथीला वेळ लागतो.