शब्दचर्चा: अपधाव की निचरा?

मैत्रेयी_क: शेतातून ओढ्यात येणाऱ्या प्रदूषणावरच्या एका अहवालाचा अनुवाद करतेय. 'रनऑफ'ला मी सगळीकडे 'निचरा' लिहिलं. संपादक म्हणतात 'अपधाव' करा. खरंच फरक आहे, की नुसता संस्कृतचा सोस?

बांधकरी: फरक आहे, आणि तुमच्या विषयात तर मोठाच. पावसाचं पाणी न जिरता जमिनीवरून धावत सुटतं, तो अपधाव. जिरून, मुळांच्या खाली उतरून चरात पाझरतं ते निचऱ्याचं पाणी. खतातला स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना चिकटतो, म्हणून तो बहुतेक गढूळ अपधावातून जातो. नत्राचं (नायट्रोजनचं) नायट्रेट झालं की ते विरघळून निचऱ्यातून उतरतं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळकडे क्षारपड जमिनीत निचऱ्यासाठी सच्छिद्र पाइप घालतात. तिथलं पाणी नितळ दिसलं तरी नायट्रेट नजरेला दिसत नाही.

शेंगदाणा: आमच्याकडे 'अपधाव' कुणीच म्हणत नाही. युरिया टाकला आणि रात्री पाऊस कोसळला की 'खत वाहून गेलं', बस्स. गोणीत 46 टक्के नत्र, जीव तुटतो हो.

मैत्रेयी_क: बरं, युट्रोफिकेशनला, म्हणजे पाण्यात नत्र-स्फुरद फार झाल्यावर जे होतं त्याला, 'सुपोषण' चालेल?

पाणकिडा: मूळ ग्रीक शब्दात 'सु' आहेच, पण 'सुपोषण' आता अंगणवाडीचा झालाय. वाचकाला वाटेल, ओढ्याचं भलं चाललंय! 'अतिपोषण' लिहा. शेवाळ माजतं, दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच वापरतं. मेलेलं शेवाळ कुजवताना जीवाणू उरलासुरला संपवतात. म्हणून मासे पहाटे वर येऊन धापा टाकतात आणि दुपारी मोजणाऱ्याला पाणी ठणठणीत सापडतं.

आणि 'गाळ' जपून वापरा. शिवारात त्याला मान आहे, सरकारी योजनेच्या नावातसुद्धा. ओढ्यात तोच दगडांमधल्या फटी बुजवतो. मेफ्लाय नावाच्या कीटकाच्या अळ्या तिथेच राहतात (मराठी नाव कुणाला ठाऊक असेल तर सांगा), काही माशांची अंडीही तिथेच. त्यात इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक आलं की मासे तगतात, अळ्या जातात. मग तगलेल्या माशांनी खायचं काय?

मैत्रेयी_क: अहवालात एके ठिकाणी 'शेतीचं सांडपाणी' केलंय. ठेवू?

बांधकरी: नको. कारखान्याच्या मळीच्या पाण्याला म्हणा सांडपाणी, ते एका नळातून येतं, तोंड दाखवता येतं. शेताचं पाणी सगळ्या बांधांवरून येतं. 'शेतातून वाहून आलेलं पाणी' लिहा, लांबलं तर लांबू द्या. पाइप असतील तिथे 'निचऱ्याचं'.