मदत हवी आहे: पंतप्रधान एकट्याने काय करू शकतात आणि कॅबिनेटला विचारूनच काय?

नमस्कार मंडळी,

राज्यसेवा मुख्यची तयारी चालू आहे. पेपर वर्णनात्मक झाल्यापासून नुसत्या घोकंपट्टीवर भागत नाही. गाईडमध्ये पंतप्रधानांच्या अधिकारांची पानभर यादी आहे: मंत्री निवडतात, खाती वाटतात, मंत्र्याला घरी पाठवतात, लोकसभा विसर्जित करायला लावतात. संविधान उघडलं तर मात्र पंतप्रधानांचं नाव मोजक्याच ठिकाणी सापडतं.

कलम 74 मध्ये राष्ट्रपतींना सल्ला देते ती मंत्रिपरिषद, पंतप्रधान तिचे प्रमुख. कलम 75 मध्ये इतर मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने. कलम 78 मध्ये राष्ट्रपतींना निर्णय कळवायचे आणि मागतील ती माहिती द्यायची. इथवर ठीक.

अडलंय ते पुढे. 25 जून 1975 च्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीवर सही केली आणि कॅबिनेटची (म्हणजे मंत्रिपरिषदेतल्या ज्येष्ठ मंत्र्यांची) बैठक झाली दुसऱ्या दिवशी सकाळी. सल्ला मंत्रिपरिषदेचा हवा, तर रात्री इंदिरा गांधींच्या एकटीच्या पत्रावर हे कसं चाललं? आज चालेल का? शिवाय मंत्री राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात असं 75(2) म्हणतं, मग काढतं नक्की कोण? कोणी नीट उलगडून सांगेल का? क्लासच्या नोट्स चिकटवू नका प्लीज, त्या माझ्याकडेही आहेत.

प्रतिसाद १

आणीबाणीचं उत्तर संविधानात शोधू नका, 1961 च्या केंद्र सरकारच्या कामकाज नियमावलीत आहे. कोणते विषय कॅबिनेटपुढे न्यायचे हे तिथे ठरवलेलं आहे आणि नियम 12 ने पंतप्रधानांना गरजेप्रमाणे त्यातून सूट घेता येते. इंदिरा गांधींनी राष्ट्रपतींना लिहिलेल्या पत्रात याच नियमाचा आधार घेतला होता.

आज आणीबाणीपुरतं तसं करता येणार नाही. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने कलम 352(3) घातलं: कॅबिनेटचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती उद्घोषणा काढूच शकत नाहीत. संविधानाचीच अट असल्यावर नियमावलीतली सूट तिथे लटकी पडते.

पण नियम 12 मेला नाही हो! 23 नोव्हेंबर 2019 आठवा. पहाटे 5.47 ला महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठल्याची अधिसूचना निघाली आणि सकाळी राजभवनात शपथविधी. तेव्हाही नियम 12 च वापरला, कॅबिनेटची मंजुरी मागाहून घेतली. राष्ट्रपती राजवट उठवायला 352(3) सारखी अट नाही, म्हणून जमलं. उत्तरात ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी मांडा, परीक्षकाला कळेल की पोरगं वाचून आलंय.

प्रतिसाद २

काढण्याचं सोपं आहे. मर्जी राष्ट्रपतींची, पण ती वापरायची पंतप्रधानांच्या सल्ल्याने. सर्वोच्च न्यायालयाच्या 1974 च्या शमशेर सिंग निकालानंतर राष्ट्रपती स्वतःच्या मनाने मंत्री काढतील ही शंकाच उरली नाही. ऑगस्ट 1990 मध्ये व्ही. पी. सिंगांनी देवीलालना काढलं, तेही उपपंतप्रधान असताना. मात्र ही ताकद कागदावरची. आघाडीत मित्रपक्षाच्या मंत्र्याला हात लावायचा तर आधी डोकी मोजावी लागतात. व्ही. पी. सिंगांचं सरकारही त्याच वर्षी नोव्हेंबरात पडलं, अर्थात त्याला मंडल आयोगाच्या आरक्षणाचा वाद आणि अडवाणींची रथयात्रा ही मोठी कारणं होती.

आणि मंत्री किती घ्यायचे यालाही 2003 च्या घटनादुरुस्तीने लगाम घातलाय: पंतप्रधान धरून लोकसभेच्या 15 टक्के. 543 चे 81.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार, 2019 चं तर डोक्यातच आलं नव्हतं. एक शेपूट राहिलं. 78(ग) प्रमाणे एखाद्या मंत्र्याने परस्पर घेतलेला निर्णय राष्ट्रपती मंत्रिपरिषदेपुढे ठेवायला लावू शकतात. मग नियम 12 खाली पंतप्रधानांनी स्वतः घेतलेला निर्णयही त्यात बसेल का?

प्रतिसाद १

शब्द 'एखाद्या मंत्र्याने' असे आहेत आणि पंतप्रधानही मंत्रीच. माझ्या मते बसायला हवा. पण हे माझं वाचन आहे, उत्तरपत्रिकेत 'असा युक्तिवाद करता येईल' एवढंच लिहा.