शब्दचर्चा : 'रिअल-टाइम'ला मराठीत काय म्हणावं?

संगणक-संगीतावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. 'रिअल-टाइम'साठी मी 'तत्काळ' लिहिलं, संपादकांनी त्याचं 'वास्तविक काल' केलं. दोन्ही पटत नाहीत. वादक वाजवतोय आणि संगणक तिथल्या तिथे त्याचा आवाज बदलतोय, असा संदर्भ आहे.

प्रतिसाद : 'वास्तविक काल' नकोच. भौतिकशास्त्राचा धडा सुरू झाल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद : 'तत्काळ'ची अडचण अशी की तो वेगाबद्दल बोलतो. इथे प्रश्न वेगाचा नाही, मुदतीचा आहे. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने (म्हणजे आवाजाची आकड्यांतली मापं) लागतात आणि संगणक ते गठ्ठ्यागठ्ठ्यानं पुरवतो. गठ्ठा २५६ नमुन्यांचा असेल तर पुढचा तयार करायला हाताशी जेमतेम ५.८ मिलिसेकंद. काम चारात झालं काय नि पाचात झालं काय, कानाला सारखंच. सहा लागले की स्पीकरमधून 'टक्'! सरासरी वेग कितीही असो, उशिरा आलेला गठ्ठा म्हणजे वरातीमागून घोडं. गठ्ठा (म्हणजेच बफर) १०२४ नमुन्यांचा केला तर टकटक थांबते, पण मग कळ दाबल्यावर सूर यायला निदान २३ मिलिसेकंद लागतात आणि वाजवणारा वैतागतो.

प्रतिसाद : याच्या उलट म्हणजे १९५७चं उदाहरण. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या मॅक्स मॅथ्यूजनी आयबीएम ७०४ या संगणकावर १७ सेकंदांची रचना करून घेतली. आकडे आधी टेपवर, आवाज नंतर. गणिताला कितीही वेळ लागो, सूर बिघडायची भीती नाही. मात्र वाजताना त्यात बोट घालायची सोयही नाही. उलट फ्रेंच संगीतकार पिएर बूलेझच्या 'रेपाँ' या रचनेत (१९८१) पॅरिसच्या इर्काम संस्थेचं '४एक्स' यंत्र एकल वादकांचे आवाज मैफल चालू असतानाच बदलत होतं. मधे दोन तपं गेली.

प्रतिसाद : मग 'वेळच्या वेळी' का नको? औषध वेळच्या वेळी घ्या म्हणतो तेव्हा घाई करा असं कुठे म्हणतो?

प्रतिसाद : 'वेळच्या वेळी संगीत' म्हटलं की सकाळी भैरव, संध्याकाळी यमन! 'थेट' म्हणावं का?

प्रतिसाद : 'थेट' म्हणजे लाइव्ह. आधी तयार करून ठेवलेला ट्रॅकही थेट कार्यक्रमात वाजतोच की. तुमच्या वाक्यात शब्दच नको : 'वादक वाजवत असतानाच संगणक त्याचा आवाज बदलतो.' गणनेबद्दल लिहाल तिथे 'वेळच्या वेळी' बसेल. नामाआधी सरळ 'रिअल-टाइम' ठेवा.

धागाकर्ती : वाक्याचं जमलं. संपादकांना २५६ आणि 'टक्'चा हिशेब पाठवते.