मदत हवी आहे: हनुवटीच्या केसांसाठी लेसर करू की इलेक्ट्रोलिसिस?

नाशिककर_मी
नमस्कार, घाईत आहे म्हणून डायरेक्ट विचारते. हनुवटीवर आणि जबड्याखाली केस येतात, सारखं थ्रेडिंग करून वैताग आलाय आणि आता तिथली त्वचाही काळी पडत चाललीय. एका क्लिनिकमध्ये लेसरचं पॅकेज घ्या म्हणतायत, या आठवड्यात पैसे भरले तर डिस्काउंट आहे. मैत्रीण म्हणते लेसर अजिबात नको, इलेक्ट्रोलिसिस कर, म्हणजे सुईने करंट देऊन एकेक केस काढायचा, कायमचं तेच. नेटवर वाचून डोकं फिरलं. मार्गशीर्षात धाकट्या दिराचं लग्न आहे, म्हणजे जेमतेम तीन महिने, त्याच्या आत व्हायला हवं. कुठलं करू एवढंच सांगा. 'आहे तसं स्वीकार' हे प्लीज नको, ते ऐकून झालंय.

तिखटमीठ
लेसर. डोळे झाकून. मी काखेचं आणि पायांचं केलंय, पाय तर इतके मऊ झालेत की वॅक्सिंग विसरले. पायांना थोडा वेळ लागतो पण माझे पोटऱ्यांचे केस आधी गेले, उन्हाळ्यात मात्र करू नकोस.

चाफेकळी
तिने पायाचं विचारलंच नाहीये. काख वेगळी, हनुवटी वेगळी. हनुवटीच्या केसांमागे बहुतेक वेळा हार्मोन्स असतात.

स्किनओपीडी
वय काय? केस जाड काळे आहेत की बारीक लव? पांढरे आहेत का मध्ये? पाळी नियमित आहे? आधी चेहऱ्यावर काही केलंय का? हे कळल्याशिवाय कोणीही दिलेलं उत्तर अंदाजपंचे असेल.

नाशिककर_मी
वय ३४, रंग गव्हाळ. केस जाड आहेत. पण याचा काय संबंध? मला फक्त दोघांतलं एक सांगा ना.

सुलभाकाकू
अगं बाळा, कशाला त्या मशीनच्या नादी लागतेस. मसूर डाळीचं पीठ, चिमूटभर आंबेहळद आणि साय, उलट्या दिशेने चोळायचं. माझ्या दोन्ही मुलींना लहानपणापासून डाळीच्या पिठानेच आंघोळ घातली, अंगावर लव म्हणून नाही.

चाफेकळी
काकू, लव वेगळी आणि हे जाड केस वेगळे. चोळून चोळून त्वचा अजून काळी होईल तिची.

बे_एरियावाली
मी इलेक्ट्रोलिसिस केलंय, हनुवटीचंच, म्हणून सविस्तर लिहिते. इथे कॅलिफोर्नियात इलेक्ट्रोलॉजिस्टला राज्याचं लायसन्स लागतं. डोक्यावर मोठा भिंगाचा दिवा, केसाच्या बाजूने त्याच छिद्रात एकदम बारीक सुई जाते, क्षणभर करंट, चटका बसतो, आणि मग चिमट्याने केस धरला की तो न ओढता अलगद बाहेर येतो, मुळाशी पांढरट गाठ असते. ओढावा लागला तर समजायचं मूळ मेलेलं नाही, हे मला तिथल्या बाईंनीच पहिल्या दिवशी दाखवलं. एकेक केस करावा लागतो म्हणून वेळ खूप जातो, वर्षभर तरी धरून चला, पण ज्या मुळाचा निकाल लागला तो केस परत आलेला नाही. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेच्या भाषेतही इलेक्ट्रोलिसिस म्हणजे केस कायमचे काढणं आणि लेसर म्हणजे केस कायमचे कमी करणं. ही पद्धत आजची नाही, १८७५ मध्ये सेंट लुईसच्या डॉ. चार्ल्स मिशेल या डोळ्याच्या डॉक्टरांनी पापण्यांचे आत वळणारे केस काढायला ती वापरली होती. त्यामुळे माझं मत पक्कं आहे, चेहऱ्याला इलेक्ट्रोलिसिसच.

तिखटमीठ
वर्षभर!! तिला तीन महिन्यांत हवंय. आणि कॅलिफोर्नियातलं नाशिकात काय कामाचं, इथे इलेक्ट्रोलिसिस करणारं शोधून तरी दाखवा. जिकडे तिकडे लेसर आहे ते काय उगाच?

बे_एरियावाली
सगळीकडे मिळतं म्हणून ते चांगलं असं नसतं. लेसरमध्ये एका फटक्यात पुष्कळ केस होतात, धंद्याला ते परवडतं, हेही कारण आहेच की.

पाऊसवेडा
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या कानांच्या पाळीवर केस आहेत, पुरुषांना चालतं का लेसर?

स्किनओपीडी
पाऊसवेडा, चालतं, पण वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.
नाशिककर, संबंध आहे म्हणूनच विचारतेय. लेसरचा प्रकाश केसातला काळा रंग, म्हणजे मेलॅनिन शोषून घेतं, तिथे उष्णता होते आणि मूळ भाजलं जातं. केस पांढरा असेल तर त्यात पकडायला काहीच नसतं, कितीही पैसे भरा. आणि आपल्या त्वचेतही मेलॅनिन भरपूर असतं, म्हणून चुकीचं मशीन किंवा जास्त पॉवर असली तर केसाऐवजी त्वचा भाजते आणि डाग पडतात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं लाँग पल्स एनडी-याग हे लेसर सगळ्यात सुरक्षित, डायोडही नीट सेटिंगवर चालतं, ७५५ चं अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेला जास्त योग्य. क्लिनिकला विचारलंस का मशीन कुठलं? काही ठिकाणी आयपीएल, म्हणजे नुसत्या तीव्र प्रकाशाचं मशीनच लेसर म्हणून खपवतात, ते लेसर नाहीच. पांढरे केस आणि आधीचे उपचार, ही दोन उत्तरं अजून बाकी आहेत.

नाशिककर_मी
मशीनचं नाव नाही विचारलं, फक्त 'लेटेस्ट आहे' म्हणाले. हनुवटीवर पाच-सहा पांढरे आहेत. आणि हो, दोन वर्षांपूर्वी एका पार्लरमध्ये गालांचं लेसर केलं होतं, तेव्हा गालावर नुसती लव होती. त्यानंतरच जबड्याच्या कडेला केस जाड झाले असं मला वाटतं पण ते म्हणाले असं होतच नसतं, तुमचाच भ्रम आहे. पाळी कॉलेजपासूनच मागेपुढे होते, ते तर निम्म्या बायकांचं असतं.

चाफेकळी
अगं हे सगळं पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना!!

स्किनओपीडी
भ्रम नाही. लेसरनंतर आजूबाजूचे केस उलट वाढणं याला पॅराडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस म्हणतात. चेहरा आणि मानेवर, बारीक लवेला लेसर मारल्यावर, सावळ्या त्वचेच्या आणि हार्मोन्सचा त्रास असलेल्या बायकांत हे जास्त दिसतं, आपल्याकडच्या बायका त्यात आल्याच. तुला भ्रम म्हणून गप्प बसवलं याचा मला मनापासून राग आला.
आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दोन्ही लागतील, पण त्यांच्या आधी रक्ततपासणी. पाळी मागेपुढे आणि हनुवटीवर जाड केस म्हणजे पीसीओएस (बीजकोशाशी निगडित हार्मोन्सचा बिघाड) आहे का ते बघायलाच हवं. टेस्टोस्टेरॉन, डीएचईएएस, १७-ओएच प्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, शुगर आणि गरज पडली तर सोनोग्राफी. हार्मोन तसंच राहिलं तर एकीकडे जुने केस जाळशील आणि दुसरीकडे नवीन मुळं जाड होत राहतील, मग लोक म्हणतात लेसर फेल गेलं. गोळ्या लागल्या तर केसांवर फरक दिसायला सहा महिने जातात, आणि त्यातली स्पायरोनोलॅक्टोन गरोदरपणात चालत नाही, त्यामुळे मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांग.
मग हनुवटी आणि जबड्याखालच्या जाड काळ्या दाट पट्ट्याला एनडी-याग लेसर, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. बारीक लवेला हात लावू द्यायचा नाही. शेवटी उरतील ते तुरळक आणि पांढरे केस इलेक्ट्रोलिसिसने.

तिखटमीठ
म्हणजे लेसरच ना, मी तेच म्हणत होते.

बे_एरियावाली
शेवट इलेक्ट्रोलिसिसनेच होतोय, नीट वाचा. पण हार्मोन्सचा मुद्दा पटला, इथेही सुरू करण्याआधी मला पाळीबद्दल विचारलं होतं. अजून एक, सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढायला लावा, एकदाच वापरायची असते. आणि पेसमेकर असेल तर करत नाहीत.

नाशिककर_मी
पण लग्नापर्यंत काय करू? थ्रेडिंग तर चालूच ठेवावं लागेल ना?

स्किनओपीडी
थ्रेडिंग, वॅक्सिंग, प्लकिंग तिन्ही बंद. लेसरला मूळ जागेवर लागतं, तूच ते उपटून टाकलंस तर मशीन कशावर मारणार? त्वचा काळी पडायचं एक मोठं कारणही तेच उपटणं आहे. तोवर रेझर किंवा छोटा ट्रिमर वापर.

सुलभाकाकू
रेझर?? बाईमाणसाने तोंडाला रेझर लावला की दाढी येते गं, नको काहीतरी सांगूस.

स्किनओपीडी
काकू, रेझर फक्त त्वचेच्या वरचा केस कापतो, मुळाला त्याचा पत्ताही नसतो. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत लागतं, केस जाड झालेला नसतो.

सुलभाकाकू
बरं, तुम्ही शिकलेल्या मुली. पण सायीत हळद घालून लावायला हरकत नाही, काळेपणा जातो.

चाफेकळी
काळेपणाला सनस्क्रीन, रोज, घरात असलीस तरी. लेसर चालू असताना तर नक्कीच.

नाशिककर_मी
खूप आभार. क्लिनिकमध्ये फोन केला, मशीनचं नाव विचारलं तर 'मॅडम इथे येऊन बघा' म्हणाले, म्हणून डिस्काउंट नको सांगितलं. उद्या सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाते. नाशिकात एनडी-याग असलेले एमडी स्किन आणि सुईचं काम करणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा प्लीज.

स्किनओपीडी
थांब, उद्या नको. हार्मोन्स पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात बघतात, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडे फसवे येतात. आधी डॉक्टरला दाखव, तारीख तेच देतील. स्किनची एमडी ही पदवी किंवा डीडीव्हीएल हा डिप्लोमा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, एवढं बघ. काही मेडिकल कॉलेजांच्या स्किन ओपीडीतही लेसर असतं, खर्च पुष्कळ कमी येतो. आधी कानामागे किंवा जबड्याखाली टेस्ट पॅच करायला सांग, आणि लग्नाच्या आधीचे दोन आठवडे कुठलंही सेशन ठेवू नकोस, लाली किंवा खपली राहिली तर निस्तरायला वेळ हवा. तोवर पाच-सहा सेशन होणार नाहीत, दोन होतील, फरक दिसेल पण साफ होणार नाही, बाकी ट्रिमर. व्यनि केला आहे.

पाऊसवेडा
कानाचा वेगळा धागा काढला आहे, बघा जमलं तर.